कागदी मिग-२१ वाकडं का होतं? या चुका टाळा

माझं पहिलं कागदी मिग-२१ टेबलावर ठेवताक्षणी शेपटीवर बसलं, नाक छताकडे करून. दुसऱ्याच्या धडाला कोपरे आले. तिसऱ्याला पंखच बसेनात. चौथं जमलं. चौथं करताना कळलं, की निम्मं विमान कात्री हातात घेण्याआधीच, झेरॉक्सच्या दुकानात नमुन्याची पानं छापतानाच बिघडतं.

तिसऱ्याचंच सांगतो. एका पानावर पाणी सांडलं म्हणून तेवढंच पान दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दुकानातून काढलं. काउंटरवरच्या पोराने सवयीने 'फिट टू पेज' ठेवलं, म्हणजे चित्र कागदात बसवायला मशीनने त्याचा आकार बदलला. चूक माझीच, मी बघितलं नाही. धडावरची खाच आणि पंखाचं मूळ यांत दीडेक मिलिमीटरचा फरक पडला. सगळी पानं एकाच दिवशी, एकाच मशीनवर, 'अ‍ॅक्चुअल साइझ' म्हणजे १०० टक्के ठेवून काढा आणि तिथेच पट्टी लावा. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर. तेव्हा १:७२ च्या, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढ्या मॉडेलमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ९९ मिलिमीटर यायला हवेत. ९५ आले तर पैसे देण्याआधी परत काढून घ्या. लांबीवर विसंबू नका. नाकापुढची सुईसारखी नळी धरून मोजली की सोडून, त्यावर तो आकडा बदलतो.

कागद घेताना 'जाड द्या' एवढंच सांगू नका. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात ३०० जीएसएमचं (एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचं) कार्डशीट लगेच हातात पडतं, पण १:७२ च्या धडाची नळी जेमतेम अंगठ्याएवढी. तेवढ्या गोलाईला ३०० चा कागद वळत नाही, मोडतो. धडाला १६० ते २०० पुरे. जाड कागद पंखांच्या आत अस्तर म्हणून वापरा.

आता धडाचे कोपरे. कागदाला लाकडासारखे तंतू असतात, त्यामुळे तो एका दिशेने सहज वळतो आणि दुसऱ्या दिशेने हटून बसतो. कोरं पान हातात धरून आडवं, मग उभं, हलकेच वाकवून पाहा. बोटांना लगेच कळतं. धड गुंडाळायचं ते सहज वळणाऱ्या दिशेने. पानावर भाग उलट दिशेने बसवलेले असतील तर कार्डशीट दुसऱ्या बाजूने कापून घ्यावं लागेल. कंटाळा आला तरी घ्या. मग कापलेला तुकडा जेवणाच्या टेबलाच्या कडेवरून चार-पाच वेळा खाली ओढायचा, त्यानंतर पेन्सिलीभोवती फिरवायचा. तो आपणहून नळीसारखा राहू लागला की मगच फेविकॉल. सरळ कागद डिंकाच्या जोरावर गोल करू पाहाल तर षटकोनी विमान मिळेल. खरं तर मिग-२१ कागदासाठीच काढल्यासारखं आहे: धडाची नळी, तोंडाच्या गोल भोकात बसवलेला शंकू आणि दोन सपाट त्रिकोणी पंख. दगा देते ती वैमानिकाच्या डोक्यावरची काच, कारण ती दोन्ही दिशांना फुगीर असते.

धडाच्या आतल्या गोल चकत्या रेषेवरून कापू नका, रेषेच्या किंचित आतून कापा. २०० चा कागद पाव मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. ती जाडी दोन्हीकडून आत येते, चकती मोठी पडते आणि सांधा फुगतो.

घडी घालायच्या रेषेवर आधी संपलेल्या रिफिलीने पट्टी धरून ओरखडा काढा. कटरचं पातं बोथट झालं की पुढचं टोक मोडून टाका, उगाच काटकसर नको.

फेविकॉलमध्ये पाणी असतं आणि इंकजेटची शाई बऱ्याचदा पाण्याने पसरते. म्हणून छापल्यावर पारदर्शक लॅकर स्प्रेचे दोन पातळ हात द्या, एक जाड नको. लेझर प्रिंट पसरत नाही, पण घडीवर पापुद्रा सुटतो. फेविकॉल टूथपिकने लावा. जुलैत पुण्याची हवा दमट असते, तेव्हा उरलेलं कार्डशीट पिशवीत बंद ठेवा, नाहीतर पापडासारखं वाकतं. कापलेल्या पांढऱ्या कडांना रंगीत पेन्सिल फिरवा; स्केचपेन आत झिरपतं.

परदेशी नमुन्यांवर लाल तारा असतो. आपलं विमान हवं तर हवाई दलाचं वर्तुळ लावा: बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. हे उलटं लावलेलं मी फार पाहिलंय. १९६३ पासून २६ सप्टेंबर २०२५ पर्यंत हे विमान आपल्या हवाई दलात होतं, नाशिकजवळ ओझरला बनलंही. चुकीचं वर्तुळ कोणीतरी पकडणारच.

शेवटी शेपटीवर बसण्याचं दुखणं. पंखांचं वजन मागे पडतं, म्हणून नाक बंद करण्याआधी आत वजन चिकटवायचं. मी बोहरी आळीतून आणलेले दोन छोटे नट एम-सीलमध्ये दाबून बसवले. आधी धड, पंख आणि चाकं नुसती टेकवून तोल बघा. नाक चिकटल्यावर आत हात जात नाही. चाकांचे पाय निव्वळ कागदाचे केले तर आठवड्यात वाकतात, आत टाचणी घाला. नाकापुढची सुई सगळ्यात शेवटी.

आमचं चौथं मिग शोकेसमध्ये आहे, उन्हापासून लांब. लोहगावच्या हवाई तळावरून सुखोई लढाऊ विमान गेलं की काचा थरथरतात, पण पुढचं चाक उचलत नाही.