हिवाळ्यात सेव्हन सिस्टर्सच्या कड्यांवरून चालताना

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील सेव्हन सिस्टर्सचे पांढरे कडे हिवाळ्यात पायी पाहायचे असतील, तर सीफर्डहून पूर्वेकडे ईस्टबोर्नच्या दिशेने चालावे, कारण या किनाऱ्यावर वारा बहुधा नैऋत्येकडून येतो आणि मग तो तोंडावर न येता पाठीशी राहतो. पूर्ण वाट सुमारे २२ किलोमीटरची आहे. डिसेंबरात सूर्य चारच्या सुमारास मावळतो, म्हणून सकाळी लवकर निघावे. तेवढे जमणार नसेल, तर वाटेतल्या बर्लिंग गॅप या ठिकाणी थांबून ईस्ट डीन गावातून बस धरावी, त्यात कमीपणा काहीच नाही.

सह्याद्रीच्या काळ्या कातळावर पाय रोवायची सवय असणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. हा कडा खडूचा आहे; पावसाने भिजल्यावर वाटेवरचा खडू साबणासारखा निसरडा होतो, बुटाच्या खाचांमध्ये पांढरा चिखल गच्च बसतो आणि तळव्याची पकड जाते, त्यामुळे मधूनमधून थांबून तो काडीने खरवडून काढावा. काठावरचे गवत वरून भक्कम दिसते, परंतु खालचा खडू लाटांनी पोखरलेला असू शकतो. छायाचित्राचा मोह कितीही झाला, तरी काठापासून किमान पाच मीटर दूरच राहावे. कड्यांखालच्या पुळणीवर उतरण्यापूर्वी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे, कारण ककमीअर नदीच्या मुखापासून बर्लिंग गॅपपर्यंत वर चढायला वाट नाही आणि भरतीचे पाणी थेट कड्याच्या पायथ्याला भिडते.