सोपा मोबाईल घ्यायचाय? मग या चुका टाळा

गणपतीला चाकरमानी गावी येतात तेव्हा आई-वडिलांसाठी नवा मोबाईल घेऊन येतात. गणपती उठतात, मुलं मुंबईला परत जातात, आणि पुढच्याच आठवड्यात ते आई-वडील चिपळुणात माझ्या दुरुस्तीच्या काउंटरवर येऊन उभे राहतात. फोन नवाकोरा असतो, बिघाड काही नसतो, फक्त तो त्यांना वापरता येत नाही. दरवर्षी त्याच तक्रारी आणि त्यामागे त्याच चुका. म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

इथे मी बोलतोय ते मिडरेंज, म्हणजे मधल्या किमतीच्या फोनांबद्दल. साधारण १५ ते २५ हजारांचा फोन असं मी धरतो. या किमतीतला जवळजवळ प्रत्येक फोन कॉल, व्हॉट्सॲप, यूपीआय, यूट्यूब आणि बँकेचं ॲप व्यवस्थित चालवतो. त्यामुळे प्रोसेसरची नावं पाठ करण्यात आणि तुलनेचे व्हिडिओ बघण्यात रात्री घालवू नका. घोळ होतो तो दुसरीकडेच.

कानाला लावून न बघताच फोन घेणे

ही चूक सगळ्यात जास्त लोक करतात आणि हिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

सावर्ड्याकडच्या एका वाडीतल्या काकू माझ्याकडे आल्या होत्या. म्हणाल्या, "दादा, माझा पोरगा बोलता बोलता फोन ठेवतो. आधी असा नव्हता." तिकडे डोंबिवलीत पोराची तक्रार उलटी, की आईच मधे फोन कापते, नाहीतर गप्प बसते. दोघांमध्ये रुसवाफुगवी सुरू झालेली. मी त्यांच्या फोनवरून माझ्या नंबरवर कॉल लावला आणि त्यांना नेहमीसारखा फोन कानाला लावायला सांगितला. फोन कानाला लागला तरी स्क्रीन काळी झाली नाही. त्यांचा गाल कधी म्यूटवर, म्हणजे आपला आवाज बंद करायच्या बटणावर टेकत होता, कधी कॉल कापायच्या लाल बटणावर. पोरगाही फोन ठेवत नव्हता आणि काकूही कापत नव्हत्या. दोघांना हे समजावून सांगायला मला फोन दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ लागला.

हे का होतं ते समजून घ्या. फोन कानाजवळ नेला की स्क्रीन बंद करणारा एक छोटा सेन्सर वरच्या कडेला असतो, त्याला प्रॉक्झिमिटी सेन्सर म्हणतात. तो इन्फ्रारेड प्रकाश सोडतो, प्रकाश गालावर आपटून परत आला की स्क्रीन बंद करतो. पण गेल्या काही वर्षांत कित्येक मिडरेंज फोनांमधून हा सेन्सर काढून टाकलाय. त्याऐवजी कानाच्या स्पीकरमधून न ऐकू येणारा आवाज सोडून, फोन कसा हलतोय ते बघून, सॉफ्टवेअरने अंदाज बांधला जातो. कंपनीचे पैसे आणि स्क्रीनभोवतीची जागा दोन्ही वाचतात. हा अंदाज काही फोनांत छान चालतो, काहींत चालत नाही. खोक्यावर याबद्दल ठळकपणे काही लिहिलेलं नसतं, आणि दुकानात डेमो फोन हातात घेऊन कुणी कॉल लावतच नाही. सगळे कॅमेरा उघडतात.

माझी पद्धत साधी आहे. दुकानात त्या मॉडेलच्या चालू फोनमध्ये आपलं सिम घालून खरा कॉल लावायचा. कानाला लावायचा, मान हलवायची, खांद्याने धरून बघायचा. स्क्रीन विझते का आणि कानापासून काढल्यावर लगेच उजळते का, ते सोबतच्या माणसाला बघायला सांगायचं. दुकानदार सिम घालू देत नसेल तर मी दुसऱ्या दुकानात जातो. २० हजार रुपये देणाऱ्या गिऱ्हाईकाला एक कॉल करता येत नसेल तर त्या दुकानात थांबण्यात अर्थ नाही.

फोन आधीच घेऊन झाला असेल तर एक सवय लावून घ्या. कॉल उचलला की पॉवरचं बटण एकदा दाबायचं. स्क्रीन बंद होते, बोलणं चालू राहतं. त्याआधी सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन 'पॉवर बटणाने कॉल बंद करा' हा पर्याय बंद आहे ना ते बघा, नाहीतर बटण दाबताच कॉल तुटेल. काकूंना हे चार वेळा करून दाखवलं, मग त्यांना जमलं.

याच्या बरोबर उलटी तक्रारही येते, की कॉल संपला तरी स्क्रीन काळीच राहते. ज्या फोनांत खरा सेन्सर आहे त्यांच्यावर स्वस्तातली टेम्पर्ड ग्लास चिकटवली आणि ती सेन्सरवर आली की असं होतं. ग्लास काढून बघा, फोन ठीक निघेल.

दुकानात घाईघाईने उघडलेलं जीमेल

या चुकीचा मला खरोखर राग येतो, कारण यात माणसांचं कायमचं नुकसान होतं.

नवा फोन चालू केला की तो गुगल अकाउंट मागतो. गिऱ्हाईकाला एसटी पकडायची असते, काउंटरवर गर्दी असते, मग दुकानातला मुलगा मनाला येईल ते नाव आणि आकडे टाकून नवं जीमेल उघडून देतो. पासवर्ड त्याच्या डोक्यात, रिकव्हरीसाठी, म्हणजे पासवर्ड विसरला तर अकाउंट परत मिळवायला, नंबर त्याचाच. फोन सुरू झाला, सगळे खूश. वर्ष-दोन वर्षं काही होत नाही.

एक निवृत्त गुरुजी असाच फोन घेऊन आले होते. अपडेटच्या मधेच अडकला होता, चालूच होईना. रिसेट, म्हणजे सगळं पुसून फोन नव्यासारखा करण्याशिवाय मार्ग उरला नव्हता. रिसेट झाल्यावर फोनने आधीचं गुगल अकाउंट मागितलं. ही चोरीपासून बचावासाठीची सोय आहे आणि ती असायलाच हवी. पण गुरुजींना तो ईमेल आयडी आपला आहे हेच माहीत नव्हतं. ज्या दुकानातून फोन घेतला तिथला मुलगा नोकरी सोडून गेलेला, त्याचा नंबर बंद. बिल जपून ठेवलेलं होतं म्हणून सर्व्हिस सेंटरमधून फोन तरी उघडून मिळाला. पण नातवाच्या बारशाचे फोटो आणि शे-दीडशे माजी विद्यार्थ्यांचे नंबर त्या अकाउंटमध्ये होते, ते गेले. गुरुजी काही बोलले नाहीत. फोन खिशात घातला आणि निघाले.

म्हणून माझ्याकडे कुणी नवा फोन सुरू करायला आणला तर मी आधी विचारतो, वेळ आहे का? नसेल तर उद्या या म्हणतो. अकाउंट त्या माणसाच्या नावाने, त्याच्याच मोबाईल नंबरवर. रिकव्हरीला मुलाचा किंवा मुलीचा ईमेल. आयडी आणि पासवर्ड कागदावर मोठ्या अक्षरात लिहून बँकेच्या पासबुकासोबत ठेवायचा. कागदावर पासवर्ड लिहू नये असं सांगणारे खूप आहेत. पासष्टीच्या माणसाच्या घरातल्या कपाटातला कागद मला हरवलेल्या अकाउंटपेक्षा जास्त सुरक्षित वाटतो. आधीचं जीमेल असेल तर तेच वापरा, नवं उघडूच नका. आणि लॉक झालेला फोन पाचशे रुपयांत 'बायपास' करून देणाऱ्यांच्या नादी लागू नका.

खोक्यावरच्या आकड्यांना भुलणे

रॅम म्हणजे ॲप चालताना लागणारी तात्पुरती जागा, आणि स्टोरेज म्हणजे फोटो-व्हिडिओ साठवायची जागा. '८ + ८ जीबी रॅम' लिहिलेलं असेल तर खरी रॅम ८ जीबी. बाकीची ८ स्टोरेजमधून उसनी घेतलेली असते आणि स्टोरेजचा वेग रॅमच्या जवळपासही नसतो. दुकानात कंपनीचा टी-शर्ट घालून उभा असलेला प्रमोटर '१६ जीबी' म्हणेल, तेव्हा मनात अर्धी करा. स्टोरेज मात्र १२८ जीबीच्या खाली घेऊ नका. सुप्रभातचे फोटो आणि आरत्यांचे व्हिडिओ ते कधी भरून टाकतील कळणार नाही. व्हॉट्सॲपमधलं ऑटो-डाउनलोड पहिल्याच दिवशी बंद करा. मेमरी कार्डाच्या भरवशावर राहणार असाल तर सिमचा ट्रे बाहेर काढून बघा. पुष्कळ फोनांत दुसरं सिम किंवा कार्ड यांपैकी एकच बसतं, आणि काहींत कार्डाची सोयच नसते.

मागे तीन कॅमेरे दिसले म्हणजे तिन्ही कामाचे नसतात. २ मेगापिक्सेलचा मॅक्रो किंवा डेप्थ कॅमेरा बहुतेक वेळा संख्या वाढवायलाच असतो.

अपडेट किती वर्षं मिळणार हा प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही. बँकेचं ॲप वापरणाऱ्या माणसाला सिक्युरिटी अपडेट लागतातच. सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलेक्सी ए१६ ५जी सारख्या स्वस्तातल्या फोनलाही सहा वर्षांच्या अपडेटचं आश्वासन दिलं. त्यामुळे त्याच्याहून महाग फोनवर दोनच वर्षं मिळत असतील, तर तो फोन मी घेत नाही आणि कुणाला सुचवतही नाही.

अक्षरं एकदम मोठ्ठी करून ठेवणे

फॉन्टही शेवटच्या टोकाला आणि डिस्प्ले साइजही शेवटच्या टोकाला, असे फोन रोज बघतो. मग बँकेच्या ॲपमधलं 'पुढे' बटण स्क्रीनच्या खाली जातं आणि आजोबांना वाटतं ॲप बिघडलं. फॉन्ट दोन पायऱ्या वाढवा, डिस्प्ले साइजला हात लावू नका. बारीक काही वाचायचं असेल तर ॲक्सेसिबिलिटीतलं मॅग्निफिकेशन चालू करून ठेवा. स्क्रीनच्या खालची मागे-होम वगैरे तीन बटणं सेटिंग्जमधून परत आणा, कडेवरून बोट ओढायच्या खुणा साठीनंतर शिकवत बसू नका. सॅमसंगमध्ये 'इझी मोड' आहे, तो चांगला आहे. मराठी टाइप करायला जड जात असेल तर जीबोर्डमध्ये मराठी निवडून माइकचं चिन्ह दाबायला शिकवा, बोललेलं बऱ्यापैकी अचूक उमटतं.

फोन सुरू करताना 'शिफारसी', 'लॉकस्क्रीनवर नवनवीन चित्रं' असल्या चौकटींवरच्या टिक धडाधड मान्य केल्या की पुढे जाहिरातींचा मारा सुरू होतो. एकेक वाचा आणि नको त्या काढा.

आपल्या गावाचा विचार न करणे

भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. आज घेतलेला फोन चार-पाच वर्षं वापरायचा तर तो ५जी असावा, यात वाद नाही. पण आमच्याकडे जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंतींच्या घरात मधल्या खोलीत ४जीची रेंजसुद्धा मिळत नाही. तिथे उपयोगी पडतं ते वाय-फाय कॉलिंग, म्हणजे रेंजऐवजी घरच्या वाय-फायवरून लागणारा कॉल. घरी ब्रॉडबँड असेल तर फोनमध्ये ही सोय आहे का आणि आपल्या कंपनीच्या सिमवर ती चालते का, हे विचारा आणि चालू करून घ्या. कितीतरी लोकांच्या फोनमध्ये ती असते, पण बंद करून ठेवलेली असते.

पावसात लाईट जाते ती कधी कधी दुसऱ्या दिवशी येते. अशा ठिकाणी ८० वॅटच्या झटपट चार्जिंगपेक्षा ५००० एमएएच किंवा त्याहून मोठी बॅटरी कामाची. खोक्यात चार्जर आहे का तेही बघा, आता सगळे देत नाहीत.

पाण्याचं म्हणाल तर आयपी ६८, म्हणजे पाणी-धुळीपासून बचावाचं मानांकन, लिहिलेलं पाहून निर्धास्त होऊ नका. ती चाचणी गोड्या स्वच्छ पाण्यातली असते आणि पाणी शिरलेला फोन वॉरंटीत सहसा बसत नाही. जुलै २०२१ च्या पुरानंतर चिखलपाण्यातून काढलेले फोन आमच्याकडे गोणीने आले. पुष्कळांनी ते तांदळात ठेवून वाट बघितली आणि तेवढ्या वेळात आतली बोर्डं गंजली. फोन भिजला तर बंद करा, चार्जिंगला लावू नका आणि त्याच दिवशी दुरुस्तीला न्या.

घेण्याआधी आणखी एक फोन करा, सर्व्हिस सेंटरला. त्या मॉडेलच्या ओरिजिनल डिस्प्लेची किंमत विचारा. वळलेल्या कडांचा ॲमोलेड डिस्प्ले फुटला तर खर्च ऐकून लोक माझ्यासमोर खुर्चीवर बसतात. आणि ते सेंटर कोल्हापूरला असेल तर येण्या-जाण्याचा दिवसही त्यात धरा.

सेलमध्ये ऑनलाइन घेताय तर खोकं उघडताना व्हिडिओ काढा. जुना किंवा ओळखीतला फोन घेताय तर *#०६# डायल करून आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक काढा, मेसेजमध्ये केवायएम (KYM) ही इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून तो १५ आकडी नंबर, असं लिहून १४४२२ वर पाठवा. नंबर ब्लॅकलिस्टमध्ये, म्हणजे बंदी घातलेल्या फोनांच्या यादीत असेल तर उत्तरात कळतं. आयएमईआय लिहिलेलं पक्कं बिल नसेल तर मी फोनला हात लावत नाही.

जुना फोन लगेच देऊन टाकणे

नवा आला की जुना त्याच दिवशी एक्स्चेंजमध्ये. मग संध्याकाळी यूपीआय चालत नाही म्हणून धावपळ. यूपीआय नव्या फोनवर सुरू करताना बँकेत नोंदवलेल्या सिमवरून एक एसएमएस जावा लागतो. त्या सिमवर रिचार्ज नसेल, किंवा दोन सिमपैकी चुकीचं निवडलं असेल, तर तो जात नाही आणि ॲप नुसतं गरगरत राहतं. दहापैकी आठ वेळा कारण हेच असतं. आधी रिचार्ज करा, त्या सिमवरून स्वतःच्याच नंबरवर एक साधा एसएमएस पाठवून बघा, मग ॲप उघडा. नव्या फोनवर पहिल्या दिवशी मोठी रक्कम पाठवता येत नाही. कुणाचे पैसे त्या दिवशी द्यायचे असतील तर आदल्या दिवशीच देऊन टाका.

व्हॉट्सॲपचा बॅकअप पूर्ण झाल्याची वेळ सेटिंग्जमध्ये दिसते, ती डोळ्यांनी बघा. जुना फोन आठवडाभर घरात राहू द्या. बँक, डिजिलॉकर, फोटो, नंबर सगळं नव्यात दिसलं की मग जुन्यातून गुगल अकाउंट काढा, त्यानंतर रिसेट मारा आणि मगच तो कुणाच्या हातात द्या. अकाउंट न काढता दिलेला फोन घेणाऱ्याकडे लॉक होऊन बसतो, आणि तो घेऊन तो माणूस परत तुमच्याच दारात येतो.