टो ट्रॅक्टर चालू होत नाही? आधी मीटर लावा

विमानतळावर ट्रॉल्या ओढणारा डिझेल टो ट्रॅक्टर नुसता ‘टक्’ करून थांबला, की आमची पोरं थेट स्टार्टर खोलायला धावतात. थांबा. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांखाली ठोकळे. १२ व्होल्टची भरलेली बॅटरी मल्टिमीटरवर (व्होल्ट मोजणारं मीटर) १२.६ व्होल्ट दाखवते, चावी मारताना ९.६च्या खाली गेली तर आधी चार्ज करून पुन्हा बघा. व्होल्टेज टिकत असेल तर मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या बॉडीवर लावा आणि चावी मारा. अर्ध्या व्होल्टच्या वर आलं की अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या बॉडीपर्यंतची जोडणी, खराब. मी एकदा चांगला स्टार्टर उतरवला होता. दोष निघाला अर्थच्या लगखाली (वायरच्या टोकाची बोल्टने आवळायची धातूची पट्टी) साचलेल्या हिरव्या थरात. पॉलिश पेपरने घासलं, बोल्ट आवळला, पहिल्या चावीत इंजिन फिरलं. ‘टक्’सुद्धा येत नसेल तर फ्यूज आणि न्यूट्रल स्विच (गिअर न्यूट्रलला असेल तरच स्टार्टर चालू देणारा) बघा.