घर सोडताना डिपॉझिट अडकतं ते या चुकांमुळे

पुण्यात भाडेकरार नोंदवून देणं हे माझं काम. लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं मशीन पिशवीत टाकायचं, लोकांच्या घरी जायचं, मालक आणि भाडेकरूचे फोटो काढायचे, अंगठे घ्यायचे, साक्षीदार गोळा करायचे. करार होतो त्या दिवशी वातावरण लग्नाच्या बोलणीसारखं असतं. चहा येतो, मालकीणबाई नळाला पाणी किती वाजता येतं ते सांगतात. आणि घर सोडायच्या दिवशी त्याच भाडेकरूचा मला फोन येतो, "दादा, डिपॉझिट देत नाहीयेत हो. आता काय करू?"

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपल्याकडे फ्लॅटसाठी होतो तो बहुतेक वेळा लिव्ह अँड लायसन्सचा करार. त्यात तुम्ही पागडीवाल्यासारखे संरक्षित भाडेकरू नसता, ठरलेल्या मुदतीपुरती राहायची परवानगी मिळालेले लायसन्सी असता. मुदत संपूनही तुम्ही घर सोडलं नाही, तर मालकाला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम २४ खाली थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे (याच कामासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) जाता येतं. तुमचे पैसे मालकाकडे अडकले, तर तुमच्यासाठी अशी वेगळी खिडकी नाही. तुमच्या वाट्याला दिवाणी कोर्ट. म्हणून भांडण कोर्टापर्यंत जाऊच नये, अशी तजवीज तुम्हालाच करावी लागते.

जाता जाता, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या त्या मेसेजबद्दल. "डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही" हे २०२१ च्या केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यात आहे खरं. पण तो नमुना आहे. राज्य जोवर तो स्वीकारत नाही तोवर मालकाच्या तोंडावर तो फेकून उपयोग नाही. आणि असा मेसेज पाठवला की बरा वागणारा मालकही बिथरतो.

डिपॉझिटची खरी रक्कम करारात न लिहिणं

ही चूक घरात शिरतानाची, पण कळते बाहेर पडताना. "एक लाख डिपॉझिट, पण करारात पंचवीसच दाखवू, स्टँप ड्यूटी वाचेल." असं मालक म्हणतो, एजंट मान डोलावतो, आणि पंचाहत्तर हजार रोख जातात.

आता ही बचत किती ते बघा. लिव्ह अँड लायसन्सवर स्टँप ड्यूटी ०.२५ टक्के लागते. ती एकूण भाड्यावर, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून त्या व्याजावर. म्हणजे ७५,००० चं वर्षाचं व्याज ७,५००, आणि त्याचे ०.२५ टक्के पावणेएकोणीस रुपये. एवढ्यासाठी पंचाहत्तर हजारांचा पुरावा हातचा घालवायचा? मी हा हिशोब समोर मांडला की मालकही हसतात आणि पूर्ण रक्कम लिहायला तयार होतात. जे तरीही तयार होत नाहीत, त्यांचं कारण स्टँप ड्यूटी नसतं.

रक्कम बँकेतूनच द्या आणि ज्याच्या नावाचा करार त्याच्याच खात्यात. मालकाच्या मेहुण्याच्या किंवा एजंटच्या नंबरवर जीपे करू नका.

"अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी लागत नाही"

लागते. एका वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी नको, हा नोंदणी कायद्यातला जुना नियम, आणि अकरा महिन्यांची प्रथा त्यातूनच आली. पण महाराष्ट्रात १९९९ च्या अधिनियमाचं कलम ५५ आहे. करार लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा, मुदत कितीही असो. नोंदवायची जबाबदारी मालकाची. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदणी फी शहरात हजार रुपये आहे, त्यावरून घासाघीस करण्यात अर्थ नाही.

तुमचा करार नुसता स्टँपपेपरवर नोटरी केलेला असेल तरी घाबरून जाऊ नका. करार नोंदवलेला नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणतो ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरायचं असंही तेच कलम म्हणतं. घासाघीस चालू असताना मालकाला हे शांतपणे सांगता येतं.

तोंडी नोटीस, आणि लॉक-इन न वाचणं

"काकांना जिन्यात भेटलो तेव्हा सांगितलं होतं" याला नोटीस म्हणत नाहीत. ईमेल किंवा व्हॉट्सॲप करा, कोणत्या तारखेला घर रिकामं करणार ते लिहा, आणि "मिळालं" असं उत्तर मागून घ्या. करारात ईमेलचा पत्ता दिलेला असेल तर तिथेच पाठवा. त्याआधी लॉक-इनचं कलम, म्हणजे अमुक महिने घर सोडायचं नाही ही अट, काढून वाचा. सहा महिन्यांचं लॉक-इन असताना चौथ्या महिन्यात निघालात, तर उरलेलं भाडं बहुतेक करारांप्रमाणे कापलं जातं आणि तिथे मालकाचं चूक नसतं.

शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं परस्पर थांबवणं

हे मी कुणाला करा म्हणत नाही, पण का करतात ते समजतं. शेजारच्याचं डिपॉझिट बुडालेलं डोळ्यांनी पाहिलं की माणूस आपलं आपण वळतं करून घेतो. मात्र भाडं थकवलं तर करार रद्द, असं कलम जवळपास प्रत्येक करारात असतं. तोवर चूक मालकाची होती, आता ती तुमची होते.

त्याऐवजी सरळ विचारा: "काका, शेवटचा महिना डिपॉझिटमध्ये धरूया का?" बरेच मालक हो म्हणतात, कारण त्यांनाही एकदम मोठी रक्कम काढायची नसते. तेवढं लेखी घ्या. माझ्या मते डिपॉझिट सोडवायची सगळ्यात सोपी वाट हीच आहे.

चावी आधी, पैसे नंतर

सगळ्यात जास्त डिपॉझिटं इथे अडकतात.

धायरीतला एक फ्लॅट सांगतो. भाडं बावीस हजार, डिपॉझिट पंचाहत्तर. नवराबायको तीन वर्षं राहिलेले. नवीन भाडेकरूच्या करारासाठी मी तिथे वेळेआधी पोचलो आणि जुन्यांचं निघणं अजून चालूच होतं. टेम्पो खाली लागलेला. मालक निवृत्त गृहस्थ, मोबाइलचा टॉर्च भिंतीला तिरका लावून फिरत होते. तिरक्या उजेडात नवी भिंतसुद्धा रोगट दिसते. गणपतीच्या मखराला मारलेल्या खिळ्यांची चार भोकं निघाली. ओट्याच्या वरच्या टाइल्सवर फोडणीचा पिवळा थर. गिझर चालू नाही.

"रंगाचे अठरा हजार धरतो," ते म्हणाले. "सफाईचे साडेचार, गिझरचे दोन. साडेपन्नास राहतात. चावी दे, आठवड्यात ट्रान्सफर करतो."

नवरा चावी काढायलाच लागला होता. बायकोने त्याच्या हातातून जुडगा घेतला आणि स्वतःच्या मुठीत धरला. "काका, बसूनच करू ना हिशोब. टेम्पोवाला थांबेल."

मग तिने मोबाइलमध्ये तीन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ काढला. राहायला आले त्या दिवशी, सामान आत यायच्या आधी, रिकाम्या घरात दारापासून गॅलरीपर्यंत काढलेला आणि त्याच रात्री मालकाला पाठवलेला. खिडकीखालचा ओलीचा डाग त्यातही होता. भिंतींचा रंग तेव्हाही नवा नव्हता. काकांनी चष्मा वर केला, व्हिडिओ दोनदा पाहिला.

शेवटी भोकं बुजवणं आणि स्वयंपाकघराची सफाई मिळून साडेतीन हजार. खालच्या मीटरच्या खोलीत जाऊन रीडिंगचा फोटो काढला आणि महावितरणच्या यायच्या बिलाचे अंदाजे अठराशे धरले. राहिले ६९,७००. काकांनी तिथेच पैसे पाठवले, बँकेचा मेसेज वाजला, मग मूठ उघडली. वहीच्या पानावर दोन ओळी लिहिल्या: इतके मिळाले, घराचा ताबा दिला, आता कुणाचं कुणाकडे काही नाही. खाली तारीख आणि दोघांच्या सह्या. साक्षीदार म्हणून मी आयताच सापडलो.

तुमचा करार काढून बघा, बऱ्याच करारांत ताबा आणि डिपॉझिट एकाच वेळी, अशा अर्थाचं कलम असतं. तुम्ही काही जगावेगळं मागत नसता. मालकाकडे खरंच पैसे नसतील (नवीन भाडेकरूचं डिपॉझिट आलं की तुमचं देणार, हे सर्रास चालतं) तर पुढच्या तारखेचा चेक घ्या. तो परत आला तर चेक न वटल्याच्या कायद्याची वाट खुली होते: बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस, तरीही न दिल्यास पुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार. हे मालकांनाही ठाऊक असतं.

पण चावी धरून ठेवायलाही मर्यादा आहे. कराराची मुदत संपल्यावर "पैसे दिल्याशिवाय निघणार नाही" म्हणून कुलूप लावून बसलात, तर कलम २४ प्रमाणे त्या दिवसांसाठी दुप्पट भाड्याने भरपाई अंगावर येऊ शकते. म्हणून हिशोबाची बैठक मुदत संपायच्या आठ-दहा दिवस आधी लावा. तोडगा निघाला नाहीच, तर रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा, ताबा द्यायला तयार असल्याचं लिहून कळवा, आणि मुदतीच्या आत चावी पोच घेऊनच द्या.

कापलेलं मुकाट्याने मान्य करणं

नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून घर जसं होतं तसं द्यायचं, असं बहुतेक करारांत लिहिलेलं असतं. तीन वर्षांत फिका पडलेला रंग ही झीज. पोराने खडूने रंगवलेली भिंत ही झीज नव्हे, तिचे पैसे द्या. गिझर जुना होऊन बंद पडला तर तो मालकाचा खर्च. तुम्ही पाणी नसताना चालू ठेवून जाळलात तर तुमचा. प्रत्येक कपातीचं बिल मागा. "रंगारी म्हणाला" हे बिल नव्हे.

एक फसवी कपात म्हणजे सोसायटीचं बिनभोगवटा शुल्क. सदस्य स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी ते सदस्याला लावते, म्हणजे मालकाला. तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. करारात तुम्ही ते कबूल केलेलं नसेल तर डिपॉझिटमधून कापायचं कारण नाही.

मधेच घर विकलं गेलं तर गप्प बसणं

लायसन्स देणाऱ्याने घर विकलं, तर नवा मालक त्या लायसन्सने आपोआप बांधला जात नाही, असं १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात आहे. तुमचं डिपॉझिट मात्र जुन्याच्या खात्यात. विक्रीची कुणकुण लागताच डिपॉझिट परत घ्या आणि नव्याशी नवा करार करा, किंवा तिघांच्या सहीने ते नव्याकडे वळतं केल्याचं लिहून घ्या. मालक परदेशात असेल तर पैसे नेमकं कोण देणार हे महिनाभर आधी विचारा, कारण इथला भाऊ फक्त चावी घ्यायला येतो.

घर सोडल्यावर नुसते फोन करत राहणं

"पुढच्या आठवड्यात" ऐकत लोक वर्ष काढतात. पैशाच्या दाव्याला साधारण ३ वर्षांची मुदत असते आणि फोनवरच्या आश्वासनाने ती वाढत नाही. आधी पोलिसांत धावू नका; "ही दिवाणी बाब आहे" हे उत्तर तिथे तयार असतं. दोन-तीन आठवडे वाट बघून लेखी नोटीस द्या. कराराचा दस्त क्रमांक, डिपॉझिट कधी आणि कसं दिलं, ताबा कधी दिला, पैसे किती दिवसांत हवेत, आणि न दिल्यास अमुक तारखेपासून व्याज मागणार हे वाक्य. ते लिहून ठेवलेलं असलं की पुढे कोर्टात व्याज मागायला आधार होतो. सोबत बँक खातं आणि नवीन पत्ता द्या. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. व्हिडिओ आणि चॅट असलेला मूळ फोन विकू नका.

मग वकील करायच्या आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन या. दावा न लावताही प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. तिथे तडजोड झाली तर ती कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच पक्की, त्यावर अपील नाही. आणि स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत वकील मिळतो.

कर्वेनगरात राहणाऱ्या एका नर्सताईंचे चाळीस हजार असेच सात महिने अडकले होते. लोकअदालतीची नोटीस गेली आणि तारखेच्या दोन दिवस आधी मालक पाकीट घेऊन त्यांच्या दारात. सात महिन्यांत त्यांनी एक ओळ लिहून दिली नव्हती. पैसे देताना मात्र पहिलं वाक्य होतं, "मिळाल्याची पावती द्या हं."