माळ्यावरच्या वस्तूंचे छायाचित्र : रंगीत की कृष्णधवल?

जुन्या घराच्या माळ्यावर, माजघराच्या कोपऱ्यात किंवा न्हाणीघरात पडून राहिलेल्या वस्तूंची छायाचित्रे बरेच जण काढल्याबरोबर कृष्णधवल करून टाकतात. वस्तू जुनी, म्हणून छायाचित्रही जुन्या वळणाचे हवे, एवढाच त्यामागचा विचार असतो आणि तो मला पटत नाही. जाते, बंब, अडकित्ता, पत्र्याची ट्रंक या वस्तू रोजच्या वापरात होत्या तेव्हाही रंगीतच होत्या. कृष्णधवल होते ते त्या काळातले छायाचित्र. रंग ठेवायचा की काढायचा, हे वस्तूच्या वयावरून न ठरवता तिच्या अंगावर काय उरले आहे, ते पाहून ठरवावे.

त्यासाठी कॅमेरा हाती घेण्याआधी वस्तू खिडकीपाशी आणून सावकाश न्याहाळावी. तांब्याचा बंब घेतला तर त्याच्या पोटाचा तांबूस रंग, धुराने काळवंडलेला खालचा भाग आणि तोटीच्या जोडापाशी साचलेले हिरवट पुट या तीन खुणांवरून तो कसा वापरला गेला आणि किती काळ नुसता पडून आहे, हे समजते. रंग काढून टाकला की हिरवे पुट आणि तांबूस धातू एकाच राखाडी छटेत मिसळतात व काजळीखेरीज काही वेगळे दिसत नाही. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्याचेही तसेच आहे. आतल्या रुपेरी थरातून डोकावणारे पिवळे ठिपके रंगीत छायाचित्रात लगेच कळतात, कृष्णधवलात मात्र ते भांडे नुसते डागाळलेले वाटते. अशा वस्तू रंगातच टिपाव्यात.

दगडी जात्याचा रंग मुळातच मोजका असतो. त्याचे सगळे वैभव पोतात आहे. वरची तळी उचलून बाजूला ठेवली, की दळण नीट व्हावे म्हणून छिन्नीने टाकी लावताना पडलेले घाव दिसतात. काही ठिकाणी ते अजून धारदार असतात, तर काही ठिकाणी घासून जवळजवळ बुजलेले असतात. येथे कृष्णधवल छायाचित्र खरोखर उपयोगी पडते, पण केवळ रंग काढल्याने ते साधत नाही. प्रकाश समोरून पडला तर दगड सपाट दिसतो. तो एका बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ घासून जाईल इतक्या तिरक्या कोनातून यावा, म्हणजे प्रत्येक घावाची एक कड उजळते आणि दुसरीवर सावली पडते. सकाळच्या वेळी एकच खिडकी उघडी ठेवून बाकीची दारे लोटून घेतली, तर वेगळ्या दिव्याची गरज भासत नाही. सावली फारच गडद पडत असेल, तर विरुद्ध बाजूला पांढरा कार्डशीट किंवा थर्माकोलचा तुकडा उभा करावा आणि तो थोडा पुढे-मागे सरकवून सावली हवी तितकी फिकी करावी.

खरी कसोटी लागते ती गंजलेल्या ट्रंकेसारख्या वस्तूंच्या बाबतीत, कारण त्यांच्यात रंग आणि पोत दोन्ही असतात. समजा, ट्रंकेचा हिरवा रंग जागोजागी उडाला आहे, खालून तांबडा गंज वर आला आहे आणि झाकणावर मालकाचे नाव पिवळ्या अक्षरांत रंगवलेले आहे. डोळ्यांना तांबडे आणि हिरवे यांतला फरक क्षणात कळतो, मात्र दोहोंची उजळता सारखी असेल तर कृष्णधवलात ते एकजीव होतात. रंगीत प्रतिमेची राखाडी प्रतिमा करण्याच्या एका रूढ सूत्रात लाल रंगाचा वाटा सुमारे ३० टक्के, हिरव्याचा ५९ टक्के आणि निळ्याचा ११ टक्के धरतात. हे प्रमाण डोळ्याच्या संवेदनशीलतेला धरून आहे, आपल्या ट्रंकेशी त्याचा संबंध नाही. म्हणून तयार फिल्टर न लावता संपादनाच्या ॲपमधील कृष्णधवल विभागात जावे आणि प्रत्येक रंगाचा स्लायडर वेगळा हलवावा. लाल आणि नारिंगी वर नेले की गंज उजळतो व हिरवा पत्रा त्याच्या तुलनेत गडद दिसतो. हिरवा वर नेला की उलट घडते. फिल्मच्या काळात भिंगापुढे पिवळी, नारिंगी किंवा लाल काच लावून हेच काम होत असे, मात्र तेव्हा निर्णय आधीच घ्यावा लागे. निळा स्लायडर जपून वापरावा, कारण मंद प्रकाशातल्या छायाचित्रात तो फार ताणला तर चित्रभर खरखरीत दाणे उमटतात.

हे सगळे नंतर करता यावे, यासाठी छायाचित्र रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली मूळ माहिती प्रक्रिया न करता साठवणाऱ्या फाइलमध्ये, घ्यावे. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत रॉ ठेवून पडद्यावरचे दृश्य तेवढे कृष्णधवल करता येते. त्यामुळे चौकट जुळवताना आकार आणि छाया-प्रकाश नीट दिसतात, तरी फाइलमध्ये रंग शाबूत राहतो. ही सोय अनेकांना ठाऊक नसते, याचे मला नवल वाटते. फोनमध्ये मोनो फिल्टर लावून काढलेल्या जेपेग फाइलमध्ये मात्र रंग उरत नाही. म्हणून फोनने काढतानाही रंगीतच काढावे, आणि प्रो मोडमध्ये रॉ मिळत असेल तर ते निवडावे.

कॅमेरा तिपाईवर ठेवून आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि छिद्रमान (भिंगातून प्रकाश आत येण्याच्या छिद्राचे माप) एफ ८ च्या आसपास ठेवले, तर शटर मंद झाला तरी बिघडत नाही, कारण वस्तू जागची हलणार नसते. काजळीने माखलेला तवा टिपताना कॅमेरा त्याला राखाडी समजून चित्र अकारण उजळ करतो, म्हणून एक्स्पोजर सुमारे एक स्टॉप कमी करावे, म्हणजे आत येणारा प्रकाश निम्मा करावा. पांढऱ्या बरणीसाठी एक्स्पोजर एक स्टॉप वाढवावे. रंगीत छायाचित्र घेताना खिडकीच्या उजेडात ट्यूबलाइट किंवा पिवळा बल्ब मिसळू देऊ नये. दोन प्रकारचे प्रकाश एकत्र आले की पितळ एका बाजूने पिवळे, तर दुसऱ्या बाजूने निळसर दिसते आणि व्हाइट बॅलन्सने, म्हणजे प्रकाशाच्या रंगाप्रमाणे रंग जुळवण्याच्या सोयीने, ते दोन्हीकडे एकदम सुधारत नाही. असे छायाचित्र हाती आलेच, तर ते कृष्णधवल करून वाचवता येते, हेही खरे.

चकचकीत धातूवर खिडकीचा पांढरा ठिपका पडत असेल, तर पोलरायझर (भिंगापुढे लावायची, चमक कमी करणारी काच) घेण्याची घाई करू नये. काच आणि रंगवलेल्या पृष्ठभागावरची चमक त्याने कमी होते, पण उघड्या धातूवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. खिडकीवर पातळ पांढरा पंचा किंवा ट्रेसिंग पेपर लावल्यास ठिपका पसरून मऊ होतो. वस्तूवरची धूळ मऊ ब्रशने झटकण्यापलीकडे काही करू नये. चिंच आणि मीठ लावून लखलखीत केलेला बंब देखणा दिसतो खरा, पण जी खूण टिपायची होती तीच त्यात निघून जाते. सेपिया छटा तर टाळावीच, कारण वस्तूवर नसलेला पिवळेपणा ती बाहेरून आणून चढवते.

सरावासाठी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक फेरी मारावी. दिवे, अडकित्ते, भांडी अशा घरगुती वस्तूंच्या संग्रहासाठी ते प्रसिद्ध आहे, त्यामुळे तुलनेला भरपूर वाव मिळतो. छायाचित्रणाचे नियम आधी विचारून घ्यावेत. परवानगी असल्यास गडद कपडे घालून जावे आणि भिंग काचेच्या शक्य तितके जवळ धरावे, म्हणजे स्वतःचे प्रतिबिंब टळते. पितळी अडकित्त्याची मूठ आणि लोखंडी पाते यांतला धातूचा फरक रंगात सहज दिसतो, पण मुठीला दिलेला पोपटाचा किंवा घोड्याचा आकार कृष्णधवलात अधिक उठून दिसतो. एकाच वस्तूची दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय हा फरक पुरता लक्षात येत नाही.

घरातल्या वस्तूंची नोंद ठेवायची असेल, तर प्रत्येक वस्तूचे किमान एक रंगीत छायाचित्र, शेजारी मोजपट्टी ठेवून, अवश्य काढावे. भिंतीवर लावण्यासाठी मग कृष्णधवल प्रत खुशाल निवडावी. फक्त तिच्या मागे वस्तूचे नाव, धातू आणि ती कोणाच्या वापरात होती हे पेन्सिलीने लिहावे, कारण ते भांडे तांब्याचे होते की पितळेचे, हे त्या प्रतीवरून कोणालाही सांगता येणार नाही.