दुपारी लिफ्ट कमी का यायची

मुंबईत, बंद सर्किटच्या विंड टनेलमध्ये (मॉडेलवर पंख्याने हवा सोडणारा बोगदा, तीच हवा आत फिरत राहते), वेग ३० मीटर प्रतिसेकंद, मॉडेल तेच, हवेशी त्याचा कोन तोच ६ अंश. तरी दुपारची लिफ्ट, म्हणजे मॉडेलला वर उचलणारं हवेचं बल, सकाळपेक्षा ३ टक्के कमी. दिवसभरात हवा ३० वरून ४० अंशांवर तापली, घनताही सुमारे ३ टक्के उतरली, आणि गणितात मात्र सकाळचीच घनता. आता पंख्याचे फेरे नाही, गतिज दाब (घनता गुणिले वेगाचा वर्ग, त्याच्या निम्मा) स्थिर ठेवतो: सुमारे ५२० पास्कल, पाण्याच्या मॅनोमीटरवर ५३ मिलिमीटर.

पावसाळ्यात पिटोच्या नळीत (हा दाब मोजणारी नळी) ज्वारीच्या दाण्याएवढा थेंब अडकला तरी रीडिंग चुकतं. सेन्सर सोडवूनच नळी फुंका.

कोन चढत्या क्रमाने नको, उलटसुलट घ्या. नाहीतर बॅलन्सचा (बल मोजणाऱ्या काट्याचा) ड्रिफ्ट, म्हणजे वेळेसोबत हळूहळू सरकणारं रीडिंग, कोनाचाच परिणाम वाटतो. स्टॉलजवळ (कोन फार वाढून लिफ्ट ढासळते तिथे) मात्र क्रमानेच, चढताना आणि उतरतानाही, कारण तिथे लिफ्ट आधीच्या कोनावरही अवलंबून असते.