माझा अनुभव : ओम्नीच्या डिफरन्शियलचं ऑइल

माझी 2004 ची ओम्नी पन्नासच्या पुढे गेली की मागून घूंऽऽ असा आवाज यायचा; ॲक्सिलरेटर सोडला की जास्तच. टायर बदलून पाहिले, काडीचा फरक नाही. मग डिफरन्शियलकडे, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या मधोमध असलेल्या गिअरच्या डब्याकडे वळलो.

सगळ्यात आधी वरचा, ऑइल भरायचा बोल्ट सुटतोय का ते बघा. तो अडकलेला असताना खालचा खोलून ऑइल सोडून दिलंत, तर गाडी जागेवरच उभी राहते. माझा गंजून बसला होता. रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला, सकाळी पान्याला लोखंडी पाइप लावला, तेव्हा कुठे ‘कट्ट’ करून हलला.

गाडी दहा-बारा किलोमीटर फिरवून आणली, गरम ऑइल पटकन उतरतं म्हणून. निघालं ते डांबरासारखं काळं, गंधकाचा वास नाकात बसला. बोटांवर चोळलं तर राखाडी, मऊ लेप. एवढी झीज चालते. दात्यांचे तुकडे निघाले असते तर मात्र सगळं उघडावंच लागलं असतं.

नवं 90 नंबरचं ईपी (गिअरच्या दात्यांवरचा जबर दाब सोसणारं) ऑइल घातलं. भरताना गाडी सपाट हवी, एकाच बाजूने जॅकवर नको, नाहीतर पातळी चुकते. भोकातून ओघळायला लागलं की थांबायचं. ॲक्सलवरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड, तेही साफ केलं. ते तुंबलं की आत दाब वाढून सील गळतात.

आवाज बराच कमी झालाय, पूर्ण गेलेला नाही. पिनियनचं (डिफरन्शियलमधल्या छोट्या गिअरचं) बेअरिंग पुढच्या महिन्यात तपासून घेणार आहे.